जॉन क्विन : एका संग्रहाचे स्मारक-प्रदर्शन आणि विसर्जन

१

इ. स. १९२६च्या जानेवारी महिन्यात न्यूयॉर्क शहरातील आर्ट सेंटर या संस्थेच्या दालनांत चित्रे व शिल्पे यांचे एक प्रदर्शन भरले होते. ७ ते ३० जानेवारी अशी त्याची मुदत होती. जॉन क्विन या दिवंगत वकिलाच्या खाजगी संग्रहातील निवडक, प्रातिनिधिक कलाकृती तेथे मांडल्या होत्या आणि प्रदर्शनाला ‘स्मारक-प्रदर्शन’ असे नाव दिले होते. क्विनला जाऊन त्या वेळी जेमतेम दीड वर्ष झाले होते. प्रदर्शनाला आलेल्या प्रेक्षकाला हा एका रसिकाचा गौरव वाटला असेल, आणि तो तसा होताही. परंतु संग्रहाची विक्री आधीच ठरलेली होती. मृत्युपत्रानुसार कलाकृती विकून येणारी रक्कम वारसांना द्यावयाची होती. आदरांजली आणि निरोप असे दोन्ही अर्थ त्या तीन-साडेतीन आठवड्यांत एकत्र आले होते.

क्विनचे नाव साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. येट्स, सिंग, कॉनरॅड, जॉइस, पाउंड आणि एलियट यांच्या चरित्रांत ते पुनःपुन्हा येते. मात्र ते बहुधा तळटिपेत येते. कोणाची हस्तलिखिते त्याने विकत घेतली, कोणाचा करार त्याने तपासून दिला, कोणाला अडचणीच्या वेळी पैसे पाठविले, एवढ्यापुरतीच त्याची नोंद होते. कलेच्या इतिहासातही तो असाच कडेला उभा असलेला दिसतो. या दोन्ही कडा जुळवून पाहिल्या म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील एक अत्यंत कर्तबगार आणि तितकेच विसंगतींनी भरलेले आयुष्य समोर येते. त्या आयुष्याचा आणि त्याच्या स्मारकाचा विचार येथे करावयाचा आहे.

२

जॉन क्विनचा जन्म १४ एप्रिल १८७० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात टिफिन या गावी झाला आणि बालपण जवळच्या फॉस्टोरिया या गावात गेले. कुटुंब मूळचे आयरिश होते. वडिलांचा व्यवसाय पाव-भट्टीचा होता. मिशिगन विद्यापीठात वर्षभर शिकल्यावर तो चार्ल्स फॉस्टर या ओहायोच्या माजी राज्यपालाचा खाजगी सचिव म्हणून वॉशिंग्टनला गेला. अध्यक्ष हॅरिसन यांच्या मंत्रिमंडळात फॉस्टर त्या वेळी अर्थखात्याचा प्रमुख होता. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात अध्ययन असा क्रम ठेवून त्याने १८९३ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाची आणि १८९५ मध्ये हार्वर्डची कायद्याची पदवी मिळविली. शतक बदलताना तो न्यूयॉर्कला आला आणि १९०६ मध्ये त्याने स्वतःची वकिली सुरू केली. बँका आणि मोठ्या वित्तसंस्था हे त्याचे पक्षकार होते. त्याची प्राप्ती मोठी होती, तरी ती पिढीजात धनिकाची नव्हती. पुढच्या काळात त्याने जे काही विकत घेतले ते वकिलीच्या कमाईतून घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण संग्रहाच्या शेवटाशी तिचा संबंध आहे.

१९०२ हे वर्ष त्याच्या आयुष्यात कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी त्याची आई आणि दोन बहिणी निवर्तल्या. त्याच वर्षी तो पहिल्यांदा आयर्लंडला गेला. तेथे येट्स कुटुंब, लेडी ग्रेगरी, डग्लस हाइड यांच्याशी त्याची ओळख झाली. आयरिश भाषेचे आणि रंगभूमीचे पुनरुज्जीवन ऐन भरात येत होते. पूर्वजांचा देश आणि त्या देशाचे नवे वाङ्मय यांची ओळख त्याला एकदमच झाली. परत आल्यावर त्याने विल्यम बटलर येट्सच्या १९०३-०४ मधील अमेरिकेतील व्याख्यान-दौऱ्याची सारी जुळवाजुळव केली. येट्स आणि सिंग यांच्या नाटकांना अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळावे म्हणून तो त्यांच्या मोजक्या प्रती तेथे छापवून घेई. त्याची साहित्यसेवा अशी कायद्याच्या वाटेने सुरू झाली, आणि अखेरपर्यंत तीच वाट त्याला अधिक मानवली.

१९०७च्या अखेरीस येट्सचे वडील, चित्रकार जॉन बटलर येट्स, थोड्या दिवसांसाठी म्हणून न्यूयॉर्कला आले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. या वृद्ध, गप्पिष्ट आणि निष्कांचन कलावंताचा भार क्विनने उचलला. पुढे त्यातून एक व्यवस्था निघाली : मुलाने आपली हस्तलिखिते क्विनला द्यावीत आणि त्यांचे मोल वडिलांच्या खर्चाकडे वळते करावे. दान घेण्याचा संकोच कोणालाच वाटू नये अशी ही योजना होती. क्विनने १९११ मध्ये वृद्ध चित्रकाराकडून त्याचे आत्मचित्र मागितले होते. ते अकरा वर्षे रंगविले जात होते आणि अपुरेच राहिले. वृद्धाच्या निधनानंतर त्याचे दफन न्यूयॉर्क राज्यातील चेस्टरटाउन येथे झाले; ती जागा क्विनची निकटची सहकारी जीन रॉबर्ट फॉस्टर हिच्या कुटुंबाची होती.

३

क्विन न्यायालयात उभा राहिला तो केवळ बँकांसाठी नव्हे. जानेवारी १९१२ मध्ये फिलाडेल्फियात सिंगचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हे नाटक केल्याबद्दल ॲबी थिएटरच्या नटांना अटक झाली, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी तो न्यूयॉर्कहून धावून गेला. १९१६च्या ईस्टर-उठावानंतर रॉजर केसमेंटला फाशी होऊ नये म्हणून त्याने खटपट केली. तिला यश आले नाही. १९२०-२१ मध्ये ‘द लिटल रिव्ह्यू’ या नियतकालिकावर ‘युलिसीस’मधील एका प्रकरणाबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला. संपादिका मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप यांचे वकीलपत्र क्विनने घेतले. हे लेखन वाचकाला मोहात पाडणारे नाही, उलट दुर्बोध आहे, अशा धर्तीचा त्याचा युक्तिवाद होता. वाङ्मयाच्या स्वातंत्र्याचा कैवार घेण्यापेक्षा खटला जिंकण्याकडे वकिलाची दृष्टी होती. तो हरला. दोघींना प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला आणि अमेरिकेत त्या कादंबरीची वाट बराच काळ बंद झाली. या दोन संपादिकांविषयी क्विनच्या मनात फारसा आदर नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. तो तापट होता, पूर्वग्रहांनी ग्रासलेला होता आणि त्याच्या पत्रव्यवहारात ज्यू आणि नवागत समाजांविषयी आज वाचवणार नाहीत असे उद्गार आहेत. त्याचे औदार्य आणि त्याचा संकुचितपणा एकाच टेबलावर, एकाच लेखनिकाकडून टंकलिखित होत असे.

चित्रकलेच्या क्षेत्रात त्याचे नाव १९१३ मध्ये पुढे आले. त्या वर्षी १७ फेब्रुवारीपासून १५ मार्चपर्यंत न्यूयॉर्कमधील ६९व्या रेजिमेंटच्या शस्त्रागाराच्या इमारतीत आधुनिक कलेचे जे भव्य प्रदर्शन भरले ते ‘आर्मरी शो’ या नावाने प्रसिद्ध आहे. ते भरविणाऱ्या कलावंत-संघाचा क्विन हा कायदेविषयक सल्लागार होता. उद्घाटनाचे भाषण त्याने केले, स्वतःच्या संग्रहातील कलाकृती इतर कोणाही संग्राहकापेक्षा अधिक संख्येने दिल्या आणि प्रदर्शनातून मोठी खरेदीही केली. पण त्याच वर्षी त्याने केलेले दुसरे काम अधिक दूरगामी होते. १९०९च्या जकात-कायद्यानुसार वीस वर्षांहून जुन्या कलाकृतींना अमेरिकेत प्रवेशकर नव्हता. त्याहून नव्या कलाकृतींवर मात्र १५ टक्के कर होता. म्हणजे दिवंगतांची कला करमुक्त आणि हयात कलावंतांची करपात्र असा प्रकार होता. क्विनने या भेदाविरुद्ध निवेदने तयार केली, विधिमंडळ-सदस्यांच्या भेटी घेतल्या, आणि ऑक्टोबर १९१३च्या नव्या कायद्यात आधुनिक कलाकृतींवरील कर रद्द झाला. त्यानंतर युरोपातील नवी कला अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर येऊ शकली, याचे बरेचसे श्रेय या एका वकिलाच्या चिकाटीला द्यावे लागते.

स्वतः प्रदर्शने घडवून आणण्याचाही त्याला अनुभव होता. पाउंडच्या आग्रहावरून त्याने इंग्लंडमधील व्हॉर्टिसिस्ट चित्रकारांची कामे विकत घेतली आणि जानेवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या पेंग्विन क्लबमध्ये त्यांचे प्रदर्शन भरविले. युद्धाच्या काळात समुद्रमार्गे चित्रे आणणे, विमा, जकात, मांडणीची जागा ही सारी उस्तवार त्याने केली. विक्रीच्या नावाने जवळजवळ शून्यच होते आणि बहुतेक कामांचा खरेदीदार तोच राहिला. १९२१ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने दृक्-प्रत्ययवादी आणि त्यानंतरच्या चित्रकारांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्याने पुष्कळ चित्रे उसनी दिली. या प्रदर्शनाविरुद्ध एक निनावी पत्रक निघाले आणि नवी कला म्हणजे विकृती आहे असा ओरडा झाला. त्या आघाताने क्विन संतापला. ज्या संस्थेकडे आपला संग्रह सुपूर्त करावा अशी संस्था या शहरात आहे काय, हा प्रश्न त्याच्या मनात त्या काळात दृढ झाला असल्यास नवल नाही.

४

युद्धानंतर क्विनने आपली दृष्टी अधिकाधिक नेमकी केली. सुरुवातीला तो आयरिश, इंग्रज आणि अमेरिकन चित्रकारांची कामे भराभर घेत असे. ऑगस्टस जॉनवर त्याने पैसा ओतला, त्याची बहीण ग्वेन जॉन हिला नियमित वार्षिक रक्कम दिली, आणि आज भावापेक्षा बहिणीचा लौकिक मोठा झाला आहे. पुढे आंरी-प्येर रोशे हा पॅरिसमधील त्याचा सल्लागार झाला आणि संग्रहाचा मध्य फ्रान्सकडे सरकला. पिकासो, मातीस, देरँ, ब्रांकुशी यांची कामे थेट कलावंतांकडून वा मोजक्या विक्रेत्यांकडून येऊ लागली. १९२१ आणि १९२३ मध्ये तो फ्रान्सला गेला. दुसऱ्या भेटीत ब्रांकुशी, संगीतकार एरिक साती आणि रोशे यांच्यासह तो गोल्फ खेळतानाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. पाउंडच्या खोलीत जॉइस आणि फोर्ड मॅडॉक्स फोर्ड यांच्यासह काढलेले छायाचित्रही त्याच वर्षीचे आहे. जॉर्ज सेरा याचे ‘सर्कस’ हे अखेरचे मोठे चित्र त्याने १९२३ मध्ये मिळविले आणि आंरी रूसोचे ‘निद्रिस्त जिप्सी’ १९२४च्या आरंभी. त्या वेळी तो कर्करोगाने खंगत चालला होता.

एवढी संपत्ती ठेवावयास जागा मात्र नव्हती. सेंट्रल पार्कसमोरच्या त्याच्या घरात चित्रे भिंतींवर कमी आणि भिंतींना टेकून अधिक असत. पलंगांखालीही चळती होत्या. एकूण संख्या २,०००हून अधिक भरली. ज्याने नव्या कलेला सार्वजनिक व्यासपीठ मिळवून दिले त्याचा स्वतःचा संग्रह थोड्या मित्रांखेरीज कोणी सबंध पाहिला नव्हता.

चित्रांसाठी पैसा हवा म्हणून त्याने ग्रंथ आणि हस्तलिखिते विकावयास काढली. नोव्हेंबर १९२३ ते मार्च १९२४ या काळात न्यूयॉर्कच्या अँडरसन गॅलरीत हा लिलाव टप्प्याटप्प्याने झाला. वस्तूंची संख्या १२,०००च्या वर होती. कॉनरॅडच्या हस्तलिखितांसाठी क्विनने वर्षानुवर्षांत सुमारे १०,००० डॉलर मोजले होते. लिलावात त्यांना १,१०,००० डॉलरांच्या आसपास किंमत आली. लेखकाला या वाढीचा वाटा मिळाला नाही आणि त्याचे मन दुखावले. त्याच वर्षी कॉनरॅड अमेरिकेत आला असता क्विनची भेट झाली नव्हती. बारा वर्षे पत्रव्यवहार असलेली ही दोन माणसे एकमेकांस कधीच भेटली नाहीत. क्विननंतर सहाच दिवसांनी, ३ ऑगस्ट १९२४ रोजी, कॉनरॅडही गेला. ‘युलिसीस’च्या हस्तलिखिताची कथा उलट दिशेने घडली. ते केवळ १,९७५ डॉलरांना रोझेनबाख या ग्रंथविक्रेत्याने घेतले. या अल्प किमतीने जॉइस रुष्ट झाला. आज ते फिलाडेल्फियातील रोझेनबाख संग्रहालयाची भूषणवस्तू आहे.

५

२८ जुलै १९२४ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, क्विनचा अंत झाला. तो अविवाहित होता. सेराचे ‘सर्कस’ त्याने लुव्र संग्रहालयाला दिले होते. पत्रव्यवहार न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाकडे जावयाचा होता. उरलेली चित्रे आणि शिल्पे विकून त्यांचे उत्पन्न बहीण आणि भाची यांना द्यावे अशी तरतूद होती. वकील म्हणून त्याने इतरांसाठी केलेली व्यवस्था नेहमी काटेकोर असे. स्वतःच्या संग्रहाबाबत मात्र तो एकसंध राहावा अशी व्यवस्था त्याने केली नाही. त्याला कोणी दोष देऊ शकेल. परंतु आधुनिक कलेला वाहिलेले संग्रहालय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नव्हते आणि जुन्या संग्रहालयाचा अनुभव ताजा होता, हे विसरता येत नाही.

व्यवस्थापकांपुढील पेच कठीण होता. ब्रांकुशीची पंचवीसहून अधिक शिल्पे आणि पिकासोची पन्नासाहून अधिक चित्रे एकाच वेळी बाजारात आली असती तर हयात कलावंतांच्या कामाची किंमत कोसळली असती. वारसांचे हित अधिक रकमेत होते, कलावंतांचे हित सावकाशपणात होते, आणि शहराचे हित, ते कोणाला जाणवत असेल तर, संग्रह फुटू न देण्यात होते. तिन्हींचा मेळ घालणे शक्य नव्हते. स्मारक-प्रदर्शन ही त्यातील मधली वाट होती. निवडक कामे सन्मानाने एकदा लोकांपुढे यावीत, संग्रहाची थोरवी सिद्ध व्हावी आणि मग विक्रीकडे वळावे, असा तो क्रम दिसतो.

त्या वर्षी संग्रहाची एक सचित्र सूचीही प्रसिद्ध झाली. समीक्षक फोर्ब्स वॉटसन याने तिला प्रास्ताविक लिहिले. प्रदर्शनापेक्षा हा ग्रंथच अधिक टिकाऊ स्मारक ठरला. कोणते चित्र कोणाकडे होते याचा शोध घेणारा प्रत्येक अभ्यासक आजही तेथूनच आरंभ करतो. पण या ग्रंथाच्या शीर्षकात क्विनचे मृत्युवर्ष १९२५ असे छापले गेले आहे. स्मारकग्रंथाच्या पहिल्याच पानावर, स्मरणीय व्यक्तीच्या निधनाच्या वर्षात, चूक राहून जावी, यातून त्या धांदलीची कल्पना येते. नोंदींच्या बाबतीत क्विन स्वतः किती दक्ष होता हे त्याच्या पत्रांवरून समजते, आणि म्हणून ही चूक अधिकच बोचते.

प्रदर्शनानंतर विखुरणे वेगाने झाले. पिकासोची चित्रे पॉल रोझेनबर्ग या पॅरिसच्या विक्रेत्याने एकगठ्ठा घेतली. ब्रांकुशीच्या शिल्पांचा भाव पडू नये म्हणून मार्सेल द्यूशां आणि रोशे यांनी ती स्वतः विकत घेऊन ठेवली. कलावंताच्या मित्रांनी केलेली ही खरेदी म्हणजे त्या साऱ्या व्यवहारातील एक सुंदर अपवाद होता. २८ ऑक्टोबर १९२६ रोजी पॅरिसमधील ओतेल द्रुओ येथे लिलाव झाला. ‘निद्रिस्त जिप्सी’ला ५,२०,००० फ्रँक मिळाले. मातीसचे ‘निळी विवस्त्रा’ हे चित्र बाल्टिमोरच्या कोन भगिनींकडे गेले. फेब्रुवारी १९२७ मध्ये न्यूयॉर्कला उरलेल्या ८००हून अधिक वस्तूंचा लिलाव झाला आणि त्यांतील अनेकांना क्षुल्लक किंमत आली. म्हणजे पॅरिसने जे उचलून धरले त्याच्याकडे न्यूयॉर्कने पाठ फिरविली. नोव्हेंबर १९२९ मध्ये त्याच शहरात आधुनिक कलेचे संग्रहालय उघडले. दहा वर्षांनी, १९३९ मध्ये, ‘निद्रिस्त जिप्सी’ देणगीच्या रूपाने त्या संग्रहालयात दाखल झाली. जे शहराच्या हातात होते ते समुद्रापार जाऊन परत आले.

६

साहित्याच्या अभ्यासकाने या कथेचा आणखी एक धागा पाहिला पाहिजे. क्विनने एलियटसाठी करारांची कामे विनामूल्य केली होती. कृतज्ञता म्हणून एलियटने १९२२ मध्ये ‘द वेस्ट लँड’चे मसुदे त्याला पाठविले. क्विनने आरंभीच्या कवितांच्या वहीचे पैसे आग्रहाने दिले. ‘द वेस्ट लँड’ मात्र भेट म्हणून स्वीकारले. भेट असल्यामुळे ते विक्रीच्या यादीत आले नाही. बहिणीकडे गेलेल्या खोक्यांत ते पडून राहिले. पुढे भाचीला ते सापडले आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बर्ग संग्रहाने ते विकत घेतले. त्याची वाच्यता १९६८ मध्ये झाली. एलियट १९६५ मध्येच निवर्तला होता आणि आपले मसुदे कोठे आहेत हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. १९७१ मध्ये त्यांची प्रतिकृती-आवृत्ती निघाली आणि पाउंडने केलेली काटछाट जगापुढे आली. मर्ढेकरांपासूनच्या मराठी नवकवितेच्या चर्चेत एलियटचे नाव सतत घेतले जाते. त्या चर्चेत ही कविता घडली कशी याविषयी आज जे निश्चित बोलता येते ते या एका खोक्यामुळे.

पत्रव्यवहाराचे रक्षण ग्रंथालयाने कडक अटींवर केले. १९८८ पर्यंत त्याच्या नकला करण्यास बंदी होती. १९६० मध्ये पीटर कॅव्हनाह या आयरिश लेखकाने वाचनकक्षात पत्रे पाठ करून त्यांचे एक पुस्तक स्वतःच्या हातयंत्रावर छापले. ग्रंथालयाने कायद्याचा आधार घेतल्यावर त्याला प्रती नष्ट कराव्या लागल्या. १९६८ मध्ये बी. एल. रीड याने लिहिलेले क्विनचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तळटिपेतील माणूस प्रथमच मजकुरात आला.

१९७८च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयाने क्विनच्या संग्रहाचे दुसरे प्रदर्शन भरविले. त्याची मांडणी ज्युडिथ झिल्झर या अभ्यासिकेने केली. १९२६च्या व्यवस्थापकांजवळ सर्व कलाकृती होत्या आणि त्यांतून निवड करावयाची होती. झिल्झरजवळ कलाकृती नव्हत्या. सूची, लिलावाच्या याद्या, हिशेबवह्या आणि पत्रे होती. त्यांच्या आधारे एकेक काम कोठे पोहोचले याचा माग काढावयाचा, निरनिराळ्या संग्रहालयांकडून आणि मालकांकडून ते काही आठवड्यांपुरते मागावयाचे आणि भिंतीवर शेजारी-शेजारी टांगावयाचे, असे ते काम होते. पहिले प्रदर्शन संपताच संग्रह फुटला. दुसरे संपल्यावर प्रत्येक कलाकृती आपापल्या घरी सुखरूप परतली. दोहोंमधील बावन्न वर्षांत त्या वस्तूंना घरे मिळाली होती, हा फरक लहान नाही.

खाजगी संग्रह एकसंध ठेवावा की विखुरू द्यावा, या प्रश्नाला क्विनच्या उदाहरणातून सोपे उत्तर मिळत नाही. तो एकत्र राहिला असता तर न्यूयॉर्कला आधुनिक कलेचे संग्रहालय काही वर्षे आधी मिळाले असते, असे म्हणता येईल. विखुरल्यामुळे ती कामे बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, पॅरिस येथील संग्रहांचा गाभा झाली, असेही म्हणता येईल. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. वस्तू विखुरल्या तरी नोंदी टिकल्या म्हणून संग्रह पुन्हा उभा करता आला. पत्रे ग्रंथालयात गेली, सूची छापली गेली, हिशेब फेकला गेला नाही. ज्यांच्याकडे लेखकांचे कागद, चित्रे, ग्रंथ आहेत अशा आपल्याकडील कुटुंबांना आणि संस्थांना एवढी शिस्त पाळणे अशक्य नाही. क्विनचे खरे स्मारक जानेवारी १९२६ मधील दालनांत नव्हते. ते त्या यादीत होते, जिच्या शीर्षकात एक वर्ष चुकले आहे आणि जी तरीही पुढच्या शोधाला पुरली.